तांदळातलं नाव

लिफ्टचं दार मिटलं तेव्हा दिघे आत होते आणि त्यांची बायको बाहेर. झालं ते एवढंच. कुठल्याशा मजल्यावर लिफ्ट थांबली, दार उघडलं, दोघंतिघं उतरली आणि त्यांच्या मागोमाग पद्मिनीही उतरली, तिलाही तिथेच जायचं असल्यासारखी. "अगं, हा नाही आपला," असं दिघे म्हणाले खरे. पण त्यांच्या आणि दाराच्या मध्ये बॅटरीवर चालणाऱ्या खुर्चीतला एक अगडबंब अमेरिकन म्हातारा होता, आणि खुर्ची पुढे घ्यावी की मागे हे त्याचं ठरेपर्यंत दाराचे दोन्ही पल्ले एकमेकांना भिडले. भिडता भिडता दिघ्यांना तिची पाठ दिसली. नातीचं पिवळं जाकीट, खाली करडी साडी, पायात पांढरे बूट. तिने वळून पाहिलं नाही. मग लिफ्ट वर निघाली. म्हातारा हसून म्हणाला, "डोन्ट वरी, शी कान्ट गो फार. इट्स अ बोट." दिघेही हसले. चाळीसएक वर्षं या देशात काढल्यावर असं हसणं आपोआप येतं, त्याला आतून काही लागत नाही.

पुढच्या मजल्यावर ते उतरले आणि कठड्याला धरून जिने खाली उतरू लागले. कुठला मजला होता तो? आकडा त्यांनी पाहिलाच नव्हता. लिफ्टमध्ये ते कधीच आकडे पाहत नसत. ते तिच्याकडे पाहत. तिचं कोपर डाव्या हातात धरून उभं राहायची त्यांना सवय लागली होती आणि आज तेवढ्यात चष्म्यावर वाफ धरली म्हणून त्यांनी ते कोपर सोडलं होतं. चष्मा पुसायला किती वेळ लागतो! जिन्याच्या प्रत्येक वळणावर तोच गालिचा, तेच पितळी दिवे, तीच निळ्या डोंगरांची चित्रं. एकेका मजल्यावर लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना एकसारखी दारं. बोळ रिकामे होते. सगळं जहाज वरच्या डेकवर गोळा झालं होतं, कारण जहाज सकाळीच कड्यांमधल्या एका अरुंद खाडीत, फियॉर्डमध्ये, शिरलं होतं आणि ज्यासाठी माणसांनी अलास्काची तिकिटं काढली ते सगळं आता बाहेर उभं होतं. छतातल्या स्पीकरमधून निसर्गाची माहिती सांगणारा कुणी तरुण शांत, आनंदी आवाजात बोलत होता. उजव्या हाताला धबधबा बघा, हे कडे बर्फाने कोरले आहेत, पाण्याचा रंग दुधी का आहे सांगतो. दिघे त्या आवाजाखालून धावत होते. धावत कसले, गुडघ्यांना जेवढं जमेल तेवढं करत होते. "अगं," ते एका बोळाच्या तोंडाशी म्हणाले. मग जरा मोठ्याने, "अगं ए!" एक दार उघडलं, टॉवेल घेतलेल्या सफाईवाल्या पोराने मान बाहेर काढली, "यू ओके, सर?" विचारलं. "फाइन, फाइन," म्हणून दिघे पुढे गेले.

फाइन. हा शब्द त्यांनी गेल्या दोनेक वर्षांत इतका वापरला होता की तो झिजून गुळगुळीत झाला होता. श्रूजबरीच्या घरी मुलीचा, अंतराचा फोन आला की तो आधी दिघे घेत. आई फाइन आहे, आंघोळीला गेलीय. आई फाइन आहे, डोळा लागलाय तिचा. गॅसच्या शेगडीची बटणं ते काढून खिशात ठेवत आणि पद्मिनीला म्हणत, "आज मी करतो, तू बस." मंडळाच्या गणपतीला जायचं तर ते तिच्या जरा पुढे उभे राहत आणि समोरून येणाऱ्याचं नाव आधीच मोठ्याने घेत, "या या, देशपांडे!" म्हणजे तिला नुसतं हसायचं राही. हसणं तिला उत्तम जमत होतं. "वहिनी आता फार शांत झाल्या हो," असं लोक म्हणत, आणि दिघ्यांना परीक्षेत पास झाल्यासारखं वाटे. सगळं ते निभावून नेत होते. फोन हरवते म्हणून तिचा फोन त्यांनी स्वतःकडे घेतला. किल्ली विसरते म्हणून किल्ली घेतली. या जहाजावर खोलीचं दार उघडायला, जेवायला, ओळख पटवायला प्रत्येकाला गळ्यात अडकवायचं एक कार्ड दिलं होतं. तिचंही त्यांनी पहिल्याच दिवशी स्वतःच्या खिशात टाकलं. आता त्या खिशावर हात गेला आणि दोन कार्डं एकमेकांवर घासली. या सगळ्या गर्दीत पद्मिनीजवळ पद्मिनी असल्याची एकही खूण नव्हती. ती त्यांनीच एकेक करून काढून घेतली होती, सगळं प्रेमाने.

ही सहल त्यांना नको होती. अंतरा व्हर्जिनियात, अ‍ॅशबर्नला प्राण्यांची डॉक्टर आहे. सुट्टी घेणं तिला कधी जमत नाही, आणि अचानक एका रविवारी तिने फोन करून सांगितलं की चौघांचं क्रूझ बुक केलंय, तू, आई, मी आणि इला, आणि आता नाही म्हणायचं नाही, बाबा. नाही म्हटलं असतं तर कारण द्यावं लागलं असतं. म्हणून ते हो म्हणाले. चार दिवस पोरीच्या नजरेसमोर निभावून नेऊ, असा त्यांचा हिशेब. त्यांना भीती होती ती एकाच गोष्टीची. मंडळातल्या एका काकूंना त्यांच्या मुलाने विसर पडणाऱ्या म्हाताऱ्यांच्या कुठल्याशा मेमरी केअरमध्ये ठेवलं होतं, आणि दिघे एकदा तिथे भेटायला गेले होते. छान जागा होती. खिडकीत पक्ष्यांसाठी दाणे, भिंतीवर फुलं, आणि दाराला आतून कडीच नाही, नुसती आकड्यांची बटणं. काकू खुर्चीत बसून सगळ्यांना "थँक्यू" म्हणत होत्या. परत येताना दिघ्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली होती आणि बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. अंतराला कळलं की ती प्रेमानेच, अगदी काळजीनेच, पद्मिनीला तिथे नेऊन ठेवेल. म्हणून कळू द्यायचं नव्हतं. म्हणूनच आत्ताही, लिफ्टचं दार मिटल्यावर, सरळ वर जाऊन पोरीला सांगायचं सोडून ते एकटेच बोळाबोळांतून हिंडत होते. हे चूक आहे हे त्यांना कळत होतं. कळून पाय मात्र वर वळत नव्हते.

जेवणघरात त्यांना इला भेटली. तेरा वर्षांची पोर, हातात गरम चॉकलेटचे दोन कप, नाक थंडीने लालबुंद. "आजोबा! व्हेअर आर यू गाइज? आजीसाठी आणलंय मी हे." तिला एवढं मराठी येतं आणि ते ती फक्त आजीआजोबांसाठी काढते. दिघ्यांनी तिच्याकडे पाहिलं. आत्ता. आत्ता सांगायला हवं. "आजी बाथरूममध्ये आहे," ते म्हणाले, "येतेच आहे." "ओके, टेल हर शी इज मिसिंग द सील्स! बर्फावर झोपलेत ते, सो क्यूट!" आणि पोर उड्या मारत निघून गेली. दिघे तिथेच एका खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. खोटं किती सहज आलं तोंडात! नुसतं आलं नाही, त्यासोबत चेहऱ्यावर हसूही आलं. त्यांना स्वतःचीच भीती वाटली. बाहेर, मोठ्या काचेपलीकडे, कडा सरकत होता. काळा, ओला, इतका जवळ की हात लावावा. खाली पाणी. वारा नव्हता. पाण्यावर सुरकुती नव्हती, आणि बर्फाचे तुकडे त्यावर स्वस्थ पडून होते. पाहता पाहता दिघ्यांना सकाळचं आठवलं.

सकाळी खोलीच्या छोट्या गच्चीत ती त्यांच्याशेजारी उभी होती. बराच वेळ काही बोलली नव्हती. मग म्हणाली, "पाणी किती संथ आहे. उतरता येईल." ते तेव्हा हसले होते. आता हसू कुठल्या कुठे पळालं. ती सांगलीची, कृष्णेकाठची. तिच्या वडिलांनी, अण्णांनी, पोरींनाही पोहायला शिकवलं होतं; पाठीला वाळका भोपळा बांधून पहिल्या वर्षी, दुसऱ्या वर्षी भोपळ्याशिवाय. आळीतले लोक नावं ठेवत, पण अण्णांना त्याचं काही नव्हतं. घाटाच्या वरच्या पायरीवर ते छत्री टेकून उभे राहत आणि फार वेळ झाला की हाक मारत. ही पाण्याच्या मध्यावरून "आलेऽऽ" म्हणून ओरडे आणि आणखी एक फेरी मारी. हे सगळं तिने लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यांत सांगितलं होतं, पुण्यातल्या खोलीत, अंथरुणावर बसून, हात पुढे-मागे करून दाखवत. नंतर कधी सांगितलं नाही. कधी पोहलीही नाही. श्रूजबरीला घरापासून दहा मिनिटांवर केवढा तलाव आहे, दर उन्हाळ्यात माणसं त्यात डुंबत असतात. ती काठावर टॉवेल सांभाळत बसे. दिघ्यांनी कधी विचारलं नव्हतं, तूही जातेस का. सुचलंच नव्हतं. आणि आता ते सगळं पोहणं तिच्यात कुठेतरी जसंच्या तसं शाबूत होतं, मधली सगळी वर्षं तेवढी गळून चालली होती. काल व्याख्यानात त्या तरुणाने सांगितलं होतं की या पाण्यात पडलेला माणूस बुडून मरत नाही, त्याआधी थंडीनेच त्याचे हातपाय थांबतात. लोकांनी "ऊऽऽ" केलं होतं. दिघे वळले आणि वरच्या डेकचा जिना चढू लागले.

वर माणसांची दाटी होती. ब्लँकेटं पांघरलेली, कॅमेरे उंचावलेली, हातात सुपाचे कप घेतलेली माणसं, आणि सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. समोर फियॉर्डच्या टोकाशी हिमनदीची भिंत होती, निळी. दिघ्यांना ती दिसली नाही असं म्हटलं तरी चालेल. पिवळी जाकिटं तेवढी दिसली, आणि ती ढिगाने होती. प्रत्येक पिवळ्या पाठीशी त्यांचा जीव वर यायचा आणि चेहरा वळला की खाली जायचा. तेवढ्यात भिंतीचा एक मोठा तुकडा सुटला. आधी काहीच आवाज नाही, नुसता ढलपा पाण्यात सरकला. मग आवाज आला, आभाळ कोसळल्यासारखा, आणि गर्दीने आनंदाने आरोळी ठोकली. त्या आरोळीत दिघ्यांनी लेकीचा दंड धरला.

"अंतरा, आई सापडत नाहीये."

"सापडत नाहीये म्हणजे? फोन कर ना तिला."

"फोन माझ्याकडे आहे तिचा. कार्डपण."

अंतराने त्यांच्याकडे पाहिलं. आजूबाजूला लोक अजून टाळ्या वाजवत होते. "व्हाय, बाबा? तुझ्याकडे का?"

"तिला..." दिघ्यांनी खिशातली दोन्ही कार्डं बाहेर काढली. "तिला आठवत नाही गं आता काही. मी तुला सांगितलं नाही."

"आय नो," अंतरा म्हणाली. रागावली नाही, हे जास्त लागलं. "मला माहितेय. लास्ट थँक्सगिव्हिंगला तिने मला दोनदा ताई म्हटलं. मी वेट करत होते, तू कधी सांगतोस. म्हणून तर हे बुक केलं, बाबा. सगळे एका जागी असू, पळायला जागा नसेल, मग तरी सांगशील." तिने डोळे पुसले आणि लगेच तिचा चेहरा दवाखान्यातला झाला. "किती वेळ झाला?"

"आत्ताच," ते म्हणाले. मग म्हणाले, "नाही. बराच वेळ झाला."

अंतराने पुढे काही विचारलं नाही. ती पळत सुटली, इलाही तिच्यामागे, आणि दिघे त्यांच्या मागे. खाली चौकशीच्या काउंटरवरच्या मुलीने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. वय, उंची, कपडे. इंग्लिश बोलतात? नाव काय? अंतराने नाव सांगितलं, स्पेलिंग सांगितलं. मुलगी फोनवर कुणाशीतरी हलक्या आवाजात बोलली, निळ्या गणवेशातली दोन माणसं दोन दिशांना गेली, आणि थोड्याच वेळात हिमनदीचं कौतुक सांगणारा तो आनंदी आवाज मधेच थांबला. त्याच्या जागी बाईचा आवाज आला. पॅड-मि-नी डिगी यांनी कृपया जवळच्या कर्मचाऱ्याला भेटावं. पॅड-मि-नी डिगी. बोळांतून, जेवणघरांतून, डेकांवरून, पाण्यावरूनसुद्धा ते नाव फिरून आलं. "गुड, आता ऐकेल ती," अंतरा म्हणाली. दिघ्यांना त्याच क्षणी कळलं होतं की ती ऐकणार नाही. उच्चाराचा प्रश्नच नव्हता. जहाजभर ज्या नावाने हाका चालल्या होत्या ते तिचं नाव नव्हतंच.

ते नाव त्यांनी लिहिलं होतं. लग्न सांगलीला झालं आणि पुण्याला घरी आल्यावर आईने पितळी ताटात तांदूळ पसरून ठेवले, दिघ्यांच्या हातात अंगठी दिली आणि म्हणाली, लिही. घरात थोरली वहिनी विमल होती, आणि ही नवी मुलगीही विमल. एका घरात दोन विमल कशा चालतील, हाक मारली की दोघी ओ देतील, असं आई म्हणाली आणि सगळ्यांना ते पटलं. पद्मिनी हे दिघ्यांनीच सुचवलं. का, ते आज त्यांना सांगता आलं नसतं. भारदस्त वाटलं असेल. अंगठीने लिहिताना जोडाक्षरापाशी तांदूळ पुन्हा पुन्हा घसरत होते आणि बहिणी हसत होत्या. ती शेजारी पाटावर बसून ताटाकडे पाहत होती. मग आईने तिला नाव घ्यायला लावलं, तिने मान खाली घालून उखाण्यात त्यांचं नाव घेतलं, एकदाच, इतक्या हळू की मागच्यांनी पुन्हा घ्यायला सांगितलं आणि तिने घेतलं नाही. त्यानंतर तर कधीच नाही. घरात 'अहो', बाहेर 'हे', डॉक्टरकडे 'माय हजबंड'. ऑफिसात लोक त्यांना चार्ली म्हणत, मंडळात दिघे. पूर्ण नावाने हाक मारणारं आता कुणी उरलंच नव्हतं. नाव लिहून झाल्यावर आईने ताटात हात फिरवला आणि तांदूळ सारखे केले, कारण त्या रात्री त्यांचाच भात लावायचा होता. रात्री दिघ्यांनी तिला विचारलं, आवडलं का? ती म्हणाली, "छान आहे नाव." दुसऱ्याच्या बाळाचं नाव ऐकून म्हणावं तशी.

अंतराला यातलं काही ठाऊक नव्हतं. बँकेत आईचं लग्नाआधीचं नाव विचारतात तेव्हा ती कारखानीस सांगते. या देशात लग्नाआधीचं नाव म्हणजे आडनाव, पुढचं नावही बदलतात हे तिच्या कधी ध्यानीमनीही आलं नसेल. आणि दिघ्यांना ठाऊक होतं, पण त्यांनी ते आत दडपून टाकलं होतं. गेल्या हिवाळ्यात इंडियन स्टोअरमध्ये ती डाळींच्या पिशव्यांपाशी उभी होती. त्यांनी "पद्मिनी" म्हणून हाक मारली, दोन बायका वळल्या, ती वळली नाही. मग एका सकाळी स्वयंपाकघरात तिचा आवाज आला. ती स्वतःशीच म्हणत होती, "विमल, दूध उतू जाईल हं." शेगडीवर दूध नव्हतं, शेगडीला बटणंच नव्हती. दिघे दारापर्यंत आले आणि उलट्या पावली परत गेले, पेपर उघडून बसले. त्या नावाने हाक मारून बघावी असं त्यांच्या मनात तेव्हाही आलं होतं. एकदाच, गंमत म्हणून. पण धीर झाला नव्हता. तिने ओ दिली असती तर? विमल कारखानीसने ओ दिली असती तर तिच्यासमोर उभा असलेला हा टक्कल पडलेला म्हातारा कोण? विमलला तर ते कधी भेटलेच नव्हते. त्यांच्या सगळ्या भीतीच्या तळाशी ही एक भीती होती. मेमरी केअर, पोरीची नजर, हे वरवरचं. खरी भीती ही की तिला परत आणायचा एकच रस्ता शिल्लक आहे आणि त्या रस्त्यावर ते स्वतः कुठेच नाहीत.

"तुम्ही इथेच थांबा," असं काउंटरवरच्या मुलीने सांगितलं होतं. दिघे थांबले नाहीत. पाणी जिथून सगळ्यात जवळ असेल तिथे ती असणार, एवढं त्यांच्या मनाने घेतलं. ते खालच्या डेकवर उतरले, जड दार खांद्याने ढकललं आणि थंडी थोबाडीत बसली. हा डेक जहाजाला सगळीकडून वळसा घालून जातो. डोक्यावर लाइफबोटी टांगलेल्या, बाजूला कठडा, कठड्यापलीकडे पाणी. हिमनदी दुसऱ्या अंगाला होती, म्हणून इकडे चिटपाखरू नव्हतं. दिघे कठडा धरून चालू लागले. एक लाइफबोट, दुसरी, तिसरी. फळ्या ओल्या होत्या. आणि मग त्यांना बूट दिसले. पांढरे बूट, शेजारी शेजारी, व्यवस्थित, टाचा जुळवलेल्या. आत मोज्यांची घडी. त्यापलीकडे पिवळं जाकीट, तेही घडी करून ठेवलेलं.

ती थोडी पुढे होती. पदर कमरेला खोचलेला, साडीचा घोळ वर घेऊन खोचलेला, पोटऱ्या उघड्या. कठड्याच्या खालच्या दांडीवर तिने दोन्ही अनवाणी पाय ठेवले होते आणि वरच्या दांडीवर पोट टेकून ती खाली वाकली होती. तिच्या चेहऱ्यावर भीतीचं नावही नव्हतं. ती पाण्याचा अंदाज घेत होती. धावावं असं दिघ्यांच्या मनात आलं, पण धावताना बूट वाजले असते, ती दचकली असती, आणि तेवढं पुरलं असतं. "अगं," ते म्हणाले. तिची मान हलली नाही. पन्नास वर्षं त्या एका शब्दावर संसार झाला होता; तो शब्द त्या थंडीत विरून गेला. "पद्मिनी," ते म्हणाले. त्याच वेळी वरच्या स्पीकरमधून पुन्हा ते नाव आलं, पॅड-मि-नी, आणि दोन्ही हाका तिच्यावरून निघून गेल्या. तिने उजवा पाय एक दांडी वर उचलला.

दिघ्यांनी डोळे मिटले. अण्णा कशी हाक मारत ते तिने एकदा, त्या पहिल्या महिन्यांत, सांगितलं होतं. आवाज काढून दाखवला होता. त्यांनी छातीत सगळी हवा भरली आणि सगळ्या जन्मात कुणाला मारली नव्हती अशी हाक मारली.

"विमेऽऽ! पुरे आता! बाहेर ये!"

कड्यावर आपटून ती हाक परत आली. तिचा पाय हवेत थांबला.

"आलेऽऽ," ती म्हणाली. पोरीचा आवाज, मोकळा, थोडा हिरमुसलेला. आणि आणखी एक फेरी न मारता ती आज्ञाधारकपणे एक पाय खाली ठेवून, मग दुसरा, फळीवर उतरली.

दिघे तिच्या अंगावर झेपावणार होते. पण ती वळली, तिने त्यांना पाहिलं, आणि तिच्या हातांनी घाईने साडीचा घोळ सोडला, पोटऱ्या झाकल्या, खोचलेला पदर ओढून खांद्यावर घेतला. परक्या पुरुषासमोर एखादी चांगल्या घरची मुलगी करेल तसं, अगदी तसंच. दिघे होते तिथे उभे राहिले.

"अण्णा कुठायत?" तिने विचारलं.

"घरी आहेत," दिघे म्हणाले. "त्यांनी मला पाठवलंय. तुम्हाला न्यायला." तोंडातून 'तुम्ही' निघालं ते त्यांना नंतर ऐकू आलं.

ती त्यांना निरखत होती. संशय नव्हता तिच्या नजरेत, नुसती चौकशी. मागे जड दार उघडल्याचा आवाज झाला, अंतराचा "आई!" आणि इलाच्या बुटांची धावपळ, पण ते सगळं अजून लांब होतं. "तुम्ही कोण?" तिने विचारलं. "नाव काय तुमचं?"

दिघ्यांना वाटलं, सांगावं. सगळं सांगावं, पुणं, श्रूजबरी, अंतरा, ताटातले तांदूळ. "चारुदत्त," ते म्हणाले.

"चारुदत्त," ती म्हणाली. सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून, मोठ्याने, कुठे न अडखळता, उखाणा न घेता. मग किंचित हसली. "छान आहे नाव."

तिने वाकून बूट उचलून हातात घेतले आणि अनवाणीच चालू लागली. दिघ्यांनी तिचं जाकीट उचललं, आणि तिला संकोच वाटणार नाही एवढं अंतर ठेवून ते तिच्या मागून निघाले.